सरळ चल, मगन!

शिर्डीच्या बाजारात साईबाबांच्या तसबिरींशेजारी मुलांची पातळ, चकचकीत 'पहिली पुस्तके'ही दिसतात. एक चाळले. 'मगन, सरळ चल. गवत बघ.' वाक्ये सारी याच धाटणीची. काना-वेलांटी टाळायची म्हणून 'पाणी' नाही, 'भाकरी' नाही, 'मामा'ही नाही; म्हणजे मुलाचे अवघे जगच वगळलेले! सोय पाहिली ती अक्षरांची, मुलाची नव्हे. याउलट माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या मालिकेत घरातली माणसे घरातल्याच भाषेत भेटतात (चित्रेही लेखिकेचीच). २०१४ साली त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हे योग्यच झाले. आपण अभ्यासक मात्र कादंबरीतल्या कृत्रिम संवादावर पानेच्या पाने लिहितो. मगनच्या वाट्याला आलेल्या वाक्यावर एक ओळही नाही.