चपलांची फजिती

परवा दापोलीत एका मंगल परिणयाहून आम्ही घरी आलो, तर पायात एक चप्पल आमची, दुसरी परक्याची! सौ. पोट धरून हसली. आम्ही ओशाळलो.

जपानातही अशी फजिती होते. तिथे दारातच जोडे काढून घरातल्या सपाता घालतात. तातामी म्हणजे गवती चटयांच्या खोलीत त्याही चालत नाहीत. संडासाच्या सपाता तर वेगळ्याच. त्या पायात विसरून पाहुणा चटईवर आला, की लाजेने लाल! जेवताना भातात काड्या उभ्या खोचल्या तर घरचे चपापतात. कारण मृतासमोर ठेवलेल्या भातातच तशा खोचतात. आंघोळ बाहेर उरकूनच टबात बसायचे. त्याच पाण्यात पुढे सारे घर बसणार असते.

रीत ठाऊक नसली की चूक होणारच. तेव्हा वाचकहो, नव्या सुनेची, खेड्यातल्या पाहुण्याची चूक चारचौघांत काढू नका. हसणारा विसरतो, ज्याला हसले तो विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी चपलेचा धनी आमची चप्पल घेऊन आला. म्हणाला, "दादा, अंधारात माझीही तीच गत झाली." आमची लाज त्याने राखली.