संकटाची तारीख ठरलेली असते

‘संकट काय सांगून येतं? मग त्याचा आराखडा कसला करायचा?’ बीड जिल्ह्यात मुलांसाठी वसतिगृह, बालगृह किंवा अभ्यासिका चालवणाऱ्यांकडे हा विषय काढला की बहुतेकदा हेच ऐकू येतं. बीडपुरतं तरी हे खरं नाही. इथली निम्मी संकटं तिथी ठरवून येतात. दिवाळी सरता सरता शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीचे कोयते निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप लागतं, नाहीतर घरात आजी-आजोबा उरतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, ठरते तेव्हाच कितीतरी मुलींची लग्नं ठरतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के होतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या गोष्टीला ‘अचानक’ कसं म्हणायचं?

खरोखर अचानक आली ती 2020ची टाळेबंदी, आणि तिने आपल्याला उघडं पाडलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तशी शाळेच्या आधाराने चालणारी हंगामी वसतिगृहंही थांबली. मुलं घरी जातील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या तळावर झोपडीत (कोपीत) अडकलेले असताना पोराचं घर कोणतं? मजुरांना गावी परतायची वाट राज्य सरकारने 17 एप्रिलला मोकळी केली. तोवर दोन वेळचं जेवण कोण देणार, ताप आला तर कोणाला कळवायचं, याची उत्तरं कुठेच लिहिलेली नव्हती. संस्था चालू असताना काय करायचं हे आपल्याला ठाऊक असतं. तिला कुलूप लागलं तर मूल कुणाच्या हाती द्यायचं, इथून आराखड्याची सुरुवात व्हायला हवी.

दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो: ‘आमची माणसं जिवाभावाची आहेत, कागद कशाला?’ आर्वीचं वंचित मुलांसाठीचं शांतिवन, पालीचं एचआयव्हीबाधित मुलांसाठीचं इन्फंट इंडिया ही कामं माणसांच्या जिद्दीवरच उभी राहिली, याबद्दल मनात आदरच आहे. पण जिवाभावाचं माणूसही आजारी पडतं, मदत मागायला मुंबईला जातं. कुठल्या मुलाची गोळी किती वाजता, कुणाला फिट येते, कुणाच्या मामाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, हे एकाच डोक्यात राहिलं तर त्या दिवशी मुलांनी काय करायचं?

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही, पण तोच सर्वांत घातक आहे. ‘बोभाटा झाला तर संस्थेची बदनामी होईल.’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातल्या पोक्सो कायद्याने यात पळवाट ठेवलेली नाही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडपला, तर कलम 21 प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रार कानावर आल्यावर विश्वस्तांची बैठक बोलावणं हा प्रतिसादच नव्हे. मुलीला आधी सुरक्षित जागी न्यायचं, लगेच पोलिसांना कळवायचं, आणि हे कोण करणार त्याचं नाव आधीच ठरलेलं असायचं.

जाडजूड फाइल मीही मागत नाही. अधीक्षक, लेखनिक आणि रात्रीचा पहारेकरी एकच माणूस असतो, हे मला दिसतं. भिंतीवर एक पान पुरे. त्यावर मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर असावा. मुलगी तीन दिवस आली नाही तर घरी कोण जाणार, आणि लग्नाचा संशय आला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) कोण गाठणार, तेही लिहिलेलं असावं, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. रात्री आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, याची तालीम मुलांकडून करून घ्यावी. दाराची किल्ली कुणाच्या खिशात असते, ते तेव्हाच कळतं.

आणि बापाचा मोबाइल नंबर पुरेसा नाही, तो उसाच्या फडात कित्येकदा लागत नाही. उचल ठरते त्याच दिवशी मुकादमाचं नाव, कारखाना आणि तळ वसतिगृहाच्या नोंदवहीत चढला पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने 2021मध्ये मंजूर केलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहांतही प्रवेशअर्जावर हा रकाना हवा. तो यंदाचे कोयते निघायच्या आत भरून घ्यावा.