गावापर्यंत आलेली तार आणि वस्तीचा हक्क

भारतनेट या नावाने आज चालणाऱ्या योजनेस केंद्र सरकारने 2011 साली मंजुरी दिली. प्रकाशतंतूची तार प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत न्यावयाची, हा तिचा मूळ संकल्प होय. धाराशिव जिल्हा 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तेव्हा या तारेची आवश्यकता येथे किती आहे हे निराळे सांगावयास नको. परंतु आपल्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पंचायतीची कचेरी गावठाणात असते आणि आपली वस्ती बहुधा गावाच्या कडेला. तार कचेरीत पोचली म्हणजे ती वस्तीत पोचली, असे होत नाही.

या योजनेचा पैसा कोणाचा? दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून आकारल्या जाणाऱ्या पाच टक्के अधिभाराच्या निधीतून ती उभी राहिली. त्या निधीस 2023 च्या कायद्याने डिजिटल भारत निधी असे नाव मिळाले. कंपन्या हा भार अखेर ग्राहकावरच टाकणार. म्हणजे रिचार्ज करणाऱ्या शेतमजुराचाही त्यात वाटा आहे. कोणी उपकार केल्याची भाषा वापरू नये.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. सरकारने अर्जाची खिडकीच जर तारेवर नेली, तर तार हाच कचेरीचा दरवाजा झाला, आणि दरवाजा बंद ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली फहिमा शिरीन प्रकरणात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे सांगितले.

घटनेच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. तारेचा नाही, कारण 1950 साली ती नव्हतीच. तथापि सरकारी पैशाने राखलेल्या सार्वजनिक जागेचे तत्त्व तेच आहे. चवदार तळ्याच्या दाव्यात वगळण्याची पुरातन रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 1937 साली स्पृश्यांचे अपील फेटाळले. तेव्हा ‘कचेरी नेहमी बंदच असते’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

ग्रामसभेत लेखी प्रश्न द्यावा: जोडणी केव्हा आली, चालू आहे काय, वस्तीतील शाळा, अंगणवाडी वा समाजमंदिरापर्यंत ती केव्हा नेणार? उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. सेवा केंद्रात दाखला मागताना पोच घेतल्यावाचून उठू नये. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपिलास ती लागते.