मुरड कोण घालतो?

द्वारकेच्या चौकात पुण्याची एसटी थांबली आणि आमची पुतणी पिशव्या सावरीत उतरली. ती जीवशास्त्र शिकते. घरी आलो तो करंज्यांचा घाणा चाललेला, सौ. पारीला मुरड घालीत होती. ते पाहून पुतणी म्हणाली, "काका, काकूची बोटे आणि आमची प्रथिने, दोघांचा धंदा एकच!"

आता हे काय नवीन? मी खुर्ची ओढून बसलो.

पेशीभोवतीचे आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी! बाहेरचा माल आत घ्यायचा तर तेथे खळगा पडून इवलीशी पुडी वळावी लागते. हे काम काही वाकडी प्रथिने करतात. दोन रेणू जोडून त्यांचा आकार करंजीसारखा अर्धचंद्राकृती होतो. आतल्या बाजूवर धन विद्युत्भार, आवरणावर ऋण. मग चिकटायला कितीसा वेळ? 'अँफिफायसिन' नावाच्या अशा एका प्रथिनाची घडण केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली उलगडली.

"पण ही मंडळी आवरण वाकवतात, की आधीच वाकलेली जागा हुडकून तेथे बसतात?" मी विचारले. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला असे प्रश्न सुचतातच.

"दोन्ही," ती म्हणाली. पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी आवरणाची बारीक नळी ओढून २०१२ साली हे दाखवले. प्रथिने विरळ असली तर ती वाकलेल्या नळीवर जाऊन बसतात, म्हणजे नुसता वाक ओळखतात. तीच दाटीने जमली की नळीची जाडी स्वतःच ठरवू लागतात!

यावर सौ.ने विचारले, "आणि वाकवणाराच बिघडला तर?"

पुतणीचा चेहरा जरा गंभीर झाला. आकुंचनाचा निरोप स्नायूच्या तंतूत खोलवर नेणाऱ्या आवरणाच्या नळ्या असतात. त्या घडवायला अँफिफायसिनचेच एक भावंड लागते. त्याच्या जनुकातील दोषाने स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक रोग होतो, हे २००७ साली कळले. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल त्यात सापडते, आईबाप मात्र धडधाकट.

सौ. काही बोलली नाही. कातणे उचलून तिने कड कापली.

"हे कातणेसुद्धा आहे हं पेशीत!" पुतणी म्हणाली. 'डायनॅमिन' पुडीच्या मानेभोवती वेटोळे घालते, ते आवळते आणि पुडी तोडते. पुण्याच्या 'आयसर'मधील संशोधकांनी काचेवर आवरणाच्या नळ्या पसरून ही तोडणी होताना पाहिली. तो निबंध २०१५ चा.

तेवढ्यात कढईत एक करंजी उकलली.

"ही कोणाची मुरड?" सौ.ने विचारले. पुतणीने माझ्याकडे बोट दाखवले. तिचे ऐकता ऐकता मी एक वळली होती खरी.