अकरा सप्टेंबरला काय?

सकाळी खांदेश्वर स्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. हार्बरच्या गाडीतून उतरलेली मुलेमुली पाठीवर सॅक अडकवून, एकमेकांच्या हातावर टाळ्या देत महाविद्यालयांच्या वाटेला लागलेली दिसतात. त्या घोळक्यात एखादा असा असतो, की ज्याला दोन विषयांत केटी लागली आहे आणि महिना उलटला तरी त्याने ती घरी सांगितलेली नाही. रात्री त्याला झोप नसते. सकाळी मात्र तो इतरांबरोबर हसतो. म्हणूनच तो कुणाच्या लक्षात येत नाही.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन २००३पासून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांत व्याख्याने, पथनाट्ये, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात. ते व्हायलाच हवे. प्रश्न आहे तो अकरा तारखेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे दररोज पस्तीसहून अधिक. हे दुःख एका दिवसाच्या कार्यक्रमात मावणारे नाही.

कायदा एव्हाना शहाणा झाला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले.

पाटी लावणे सोपे असते. पण समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून असेल, आत गेलेल्याचे नाव रजिस्टरात चढून सायंकाळपर्यंत सर्व विभागाला कळणार असेल, तर त्या खोलीची पायरी कोण चढेल? ताप आला म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या मुलाला कुणी हसत नाही. मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला मात्र ‘वेडा’ ठरवले जाते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली आयपीएच ही संस्था सुरू केली, तेव्हापासून हा गैरसमज दूर करण्याचे काम आपल्याच परिसरात चालू आहे. तो अजून पुरता गेलेला नाही, याचा दोष संस्थांइतकाच घरांकडेही जातो.

कारण घरातला संवाद आपण टक्क्यांवर आणून ठेवला आहे. “किती पडले?” हे आपण हमखास विचारतो, “झोप लागते का रे?” हे विचारायचे राहून जाते. अबोल झालेले मूल, सुटलेले जेवण, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलणे, ही नाटके नव्हेत, हाका आहेत. अशा वेळी सरळ विचारावे, “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ओळखले, या जाणिवेने ओझे हलके होते. मग उपदेश नको, तुलना नको. ऐकावे. धोका जवळचा वाटला तर क्षणभरही एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे.

मित्रमैत्रिणींनाही एक सांगणे. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून मित्राने घातलेली ही एक शपथ मोडावी. मैत्री रुसेल, पण मित्र राहील. ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. तो घरातल्या फ्रीजवर चिकटवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आज रविवार आहे. मूल घरीच असेल. जेवण आटोपल्यावर पुस्तकाचा विषय न काढता त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. केटी पुढच्या खेपेला सुटते. ती सांगायला घरात एक माणूस मात्र हवा.