समाधानाचे निवृत्तिवेतन

लहानपणी पैसा म्हणजेच सुख वाटते, तरुणपणी माणूस त्याच्यामागे धावतो आणि केस पिकल्यावर त्याला उमगते की सुख पैशात नसून मनात असते. एकसष्टीच्या समारंभांतून आणि सत्काराच्या भाषणांतून हा जिना इतक्यांदा चढून दाखवला जातो, की त्याच्या पायऱ्या तपासून पाहाव्यात असे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखकाला त्यातली शेवटची पायरी पोकळ वाटते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपली जुनी घराणी बहुतांशी गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या चाकरीमुळे येथे स्थिरावली. १९४८-४९ मध्ये ही संस्थाने विलीन झाली. पुढच्या काही वर्षांत इनामे आणि जहागिऱ्याही गेल्या. मग आपण सरकारी कचेऱ्या, रेल्वे, शाळा-महाविद्यालये यांत शिरलो. पगार बेताचा होता, हे खरे. पण तो महिन्याच्या महिन्याला येत होता. सरकारी सेवा संपल्यावर तहहयात निवृत्तिवेतन होते, त्यावर महागाई भत्ता होता आणि मागे राहिलेल्या पत्नीसाठी कुटुंब-निवृत्तिवेतनही होते. 'गरजा कमी ठेवा, सुखी व्हाल' हा आपला आवडता उपदेश या पायावर उभा होता. पाया जमिनीखाली असल्यामुळे उपदेश करणाऱ्याला तो दिसत नव्हता, इतकेच.

१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत दाखल झालेल्यांसाठी, सेनादले वगळता, तो पाया काढून घेण्यात आला. त्यांचे म्हातारपण बाजारात गुंतवलेल्या निधीवर सोपवले गेले आणि बहुतेक राज्यांनीही तोच मार्ग धरला. एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांपुढे खात्रीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय पुन्हा ठेवला आहे. परंतु खाजगी नोकरीत किंवा कंत्राटावर राबणाऱ्या मुलामुलींना त्याचा काय उपयोग? अशा घरातला तिशीचा मुलगा पगाराचा आकडा पाहून नोकरी बदलतो, तेव्हा आजोबा म्हणतात, 'हल्लीच्या पिढीला पैशापलीकडे काही दिसत नाही.' त्याला दिसते ते आपले साठीनंतरचे आयुष्य. आजोबांच्या वतीने जो हिशेब सरकारने केला होता, तो नातवाला स्वतः करावा लागतो आहे. याला लोभ म्हणणे हा अन्याय आहे.

पैसा आणि सुख यांचा संबंध अभ्यासकांनीही तपासला आहे. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील पाहणीवरून असे मांडले, की वार्षिक सुमारे ७५,००० डॉलर उत्पन्नानंतर रोजच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. हे वाक्य आपल्या समाधानवाद्यांना फार आवडले. त्याच निबंधातील दुसरे वाक्य मात्र कोणी सांगत नाही: घटस्फोट, आजारपण, एकटेपण या दुःखांची धार कमी उत्पन्नामुळे अधिक तीव्र होते. पुढे २०२३ मध्ये कानेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासह ते निष्कर्ष पुन्हा तपासले. तेव्हा बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहते आणि ठराविक मर्यादेपुढे पैसा निरुपयोगी ठरतो तो मुख्यतः सर्वांत दुःखी गटासाठी, असे आढळले. अमेरिकेचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण मध्यरात्री रुग्णालयाच्या खिडकीशी अनामत रक्कम भरताना मन:शांती कशावर अवलंबून असते, हे कळायला कोणत्याही निबंधाची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, की आमच्या वडिलांनी खरोखरच थोडक्यात संसार केला आणि ते तृप्त होते. ती तृप्ती खोटी होती असे मी म्हणत नाही. मात्र ती कोणाच्या जिवावर उभी होती, हे विचारायला हवे. जुने लुगडे पुन्हा दंड घालून नेसणारी, पाहुणा आला की स्वतःची भाजी त्याच्या पानात वाढणारी आणि स्वतःच्या नावावर एकही खाते नसलेली त्या घरातली बाई या तृप्तीत किती वाटेकरी होती? 'पैशात काय आहे?' असे वडील म्हणू शकत, कारण 'उद्या दूध कसे आणायचे?' हा प्रश्न आईच्या पदराला बांधलेला असे.

पैसा म्हणजेच सुख, हा पक्षही मी मांडत नाही. हप्त्यांवर थाटलेली लग्ने आणि शेजाऱ्याची गाडी पाहून बदललेली गाडी हे पोरपणच आहे. वय तिशीचे असो वा साठीचे. पण पैशाला तुच्छ लेखणे ही त्याच्या उलटची प्रौढता नव्हे. तुकोबांचे नाव घेऊन धनाची निंदा करणाऱ्यांनी हेही आठवावे, की त्यांनी सचोटीच्या व्यवहाराने धन जोडायला आणि ते अनासक्तीने खर्च करायला सांगितले. धन जोडूच नका, असे सांगितले नाही.

माझ्या मते वाढत्या वयाबरोबर पैशाविषयीचा प्रश्न बदलतो. मुलाचा प्रश्न 'मला काय मिळेल?' हा असतो, तरुणाचा 'किती मिळेल?' हा असतो. प्रौढ माणसाने 'कोणासाठी आणि किती पुरे?' असे विचारायला हवे. या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते आणि आकडे उच्चारायला तर आपण लाजतो. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक स्थापन केली, तेथील मराठी घरांतही पैशाचे बोलणे हलके मानले जावे, हे नवल आहे. वडील गेल्यावर कपाटे उपसून ठेव-पावत्या शोधणारी मुले आणि घरावर किती कर्ज आहे हे तेराव्यानंतर कळलेली पत्नी हे या सोवळेपणाचे फळ आहे.

तेव्हा ज्येष्ठांना विनंती आहे, की मुलांना समाधानाचा उपदेश करण्यापूर्वी घराचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवावा. पत्नीला आणि सुनेला खाती, विमा, देणी-घेणी सांगावीत. मुलीला तिचा वाटा कोणता, हे हयातीतच स्पष्ट करावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिचा मुलाइतकाच हक्क मान्य झाला आहे. आणि आपल्या समाधानात निवृत्तिवेतनाचा हिस्सा किती, हेही एकदा मोकळेपणाने सांगून टाकावे. तेवढे केल्यावर पैशात सुख नसते असे खुशाल म्हणावे. ऐकणाऱ्यांना ते निदान पटण्याची शक्यता तरी निर्माण होईल.