मिठाने मरणारी आणि मिठात जगणारी

पावसाळ्यात आमच्या जानेफळला सोयाबीन दोन पानांवर आले की गोगलगायींचा उपद्रव सुरू होतो. दिवसा त्या कचऱ्याखाली, दगडाखाली दडून बसतात आणि रात्री कोवळी पाने फस्त करतात. मग घरातली मंडळी बॅटरी घेऊन बांधावर जातात, गोगलगायी वेचतात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकतात. अशाच एका रात्री शेजारच्या आठवीतल्या मुलीने आम्हाला विचारले, "मामा, मिठानं ही मरते. मंग पुस्तकात लिवलं की समुद्रातबी गोगलगाय राहते, ते कसं?"

तिची आई म्हणाली, "पोरी, उगं डोकं खाऊ नको मामाचं." पण खरे सांगायचे तर आम्हालाच उत्तर येत नव्हते. मुलीला गप्प करणे सोपे होते. त्याऐवजी आम्ही पुस्तके उघडून बसलो. जे समजले ते या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी मिठाचे पाहू. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटते. बाहेर मीठ जास्त आणि आत कमी असले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. शेतातल्या गोगलगायीच्या अंगात मीठ फार थोडे असते आणि तिची कातडी पातळ व ओली असते. म्हणून मीठ पडताच तिच्या अंगातले पाणी निघून जाते आणि ती सुकून मरते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. समुद्री गोगलगायीच्या अंगातल्या रसातही जवळपास तेवढाच खारटपणा असतो. आत-बाहेर सारखेच असल्यामुळे पाणी ओढले जात नाही. तिला मीठ बाधत नाही ते एवढ्यासाठी.

समुद्री गोगलगायींच्या जाती हजारोंनी आहेत. त्यातली आम्हाला सर्वांत आवडली ती वाळूत राहणारी. शास्त्रात तिच्या कुळाला 'आर्मिना' म्हणतात. उष्ण समुद्रांत या कुळातल्या पुष्कळ जाती आहेत, आणि आपल्या देशाच्या पूर्व व पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर त्या सापडल्या आहेत. ही साधारण बोटाएवढी लांब, चपटी, पुढे रुंद आणि शेपटीकडे निमुळती असते. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या उभ्या धारा असतात. काही जातींत त्या काळ्यावर पांढऱ्या किंवा पिवळसर असतात. लांबून पाहिले तर सतरंजीचा तुकडा पडल्यासारखे वाटावे.

तिच्या तोंडापुढे एक रुंद, चपटा पडदा असतो. वखराची पास जशी मातीखालून सरकते, तशी ही त्या पडद्याने वाळू सारीत पुढे जाते. डोक्यावर अगदी जवळजवळ दोन लहान शिंगे असतात. ती टोचण्यासाठी नसून पाण्यातला वास घेण्यासाठी असतात. तिच्या बऱ्याच भावंडांचे कल्ले पाठीवर उघडे असतात. हिच्या पाठीच्या कडेखाली मात्र दोन्ही बाजूंना वहीच्या पानांसारख्या घड्या असतात आणि त्यांतून ती श्वास घेते. वाळूत घुसणाराला ही सोय बरीच म्हणायची. शंख तिला नसतो. अंड्यातून निघाल्यावर इवलासा शंख असतो, पण पुढे तो गळून पडतो.

दिवसा ती वाळूखाली पडून राहते आणि अंधार पडल्यावर वर येते. तिचे खाणे ठरलेले आहे, ते म्हणजे 'समुद्री लेखणी'. जुन्या काळच्या पिसाच्या लेखणीसारखा दिसणारा हा जीव वाळूत देठ रोवून उभा असतो. दिसायला झाडासारखा असला तरी ती शेकडो लहान प्राण्यांची एकत्र वसाहत असते. आपली गोगलगाय दातेरी जिभेने तिला खरवडून खाते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. अंडी ती लांब फितीसारखी घालते. पिले काही काळ पाण्यात तरंगतात आणि मग तळाशी उतरतात.

खाणे असे ठरलेले असल्यामुळे तिचे जगणे लेखणीवर टांगलेले आहे. लेखणीला हवी स्वच्छ, न हललेली वाळू. किनाऱ्यावर भराव पडला, कचरा साचला की लेखणी जाते आणि तिच्या मागोमाग गोगलगायही जाते. मुंबईत समुद्रकिनाऱ्याचा नवा रस्ता करताना २०२० साली प्रवाळाच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. प्रवाळ डोळ्यांना दिसतो. वाळूखाली दडलेल्याला कोण शोधून उचलणार? २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेतात आणि पायाखालचे जीव दाखवतात. शहरातली पुष्कळ माणसे ते तिथे पहिल्यांदाच पाहतात.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले. तिने विचारले, "आपल्या लोणारचं पाणीबी खारं हाये, तिथं राहील का ती?" आम्ही सांगितले की नाही, लोणारचे पाणी सोड्याचे आहे, ते समुद्राचे नव्हे. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तिला आपल्या हिरीच्या गोड्या पाण्यात टाकली, तर ती फुगून मरंल." अगदी बरोबर! पाण्यात टाकलेला मनुका फुगतो, तसेच. एकीचे जीवन ते दुसरीचे मरण, हे तिचे तिनेच ताडले. या वेळी आई काही बोलली नाही, हातातली बॅटरी खाली ठेवून ऐकत बसली.

आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला दादरला गेल्यावर. पुढच्या खेपेला ओहोटी असेल तर ओल्या वाळूवर जरा खाली पाहून चाला. बारीक तासासारखी ओळ उमटलेली दिसली तर तिथे कुणीतरी वाळूखालून गेलेले असते. उकरू नका, मुलांना नुसती दाखवा. आणि त्यांनी काही विचारले तर त्यांना गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरेच सांगा.